वाढू नका

आमच्या घरात जेवताना 'पुरे' म्हणायला बंदी नाही, पण त्याची दखल कुणी घेत नाही. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भात पडतो. सासूबाईंचं आयुष्य ठाण्यात गेलं, तरी वाढण्याचा हात गुहागरचाच राहिला आहे. हा आग्रह माणसांपुरताही नाही. गॅलरीतल्या कुंड्यांचीसुद्धा रोज पंगत बसते. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला, चहाचा चोथा गुलाबाला, कांद्याच्या सालींचं पाणी जास्वंदीला, आंबट झालेलं ताक कढीपत्त्याला. शेणखताची एक पिशवी संपायच्या आत दुसरी येते. एखादं झाड मलूल दिसलं की आधी त्याला खायला घालायचं आणि मग काय झालंय ते बघायचं, असा क्रम आहे. बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो.

या पंगतीत घटपर्णी आली ती माझ्या भाच्यामुळे. "मावशी, ही मच्छर खाते," एवढीच ओळख करून देऊन त्यानं कुरिअरचा खोका हातात ठेवला. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेलं वीतभर रोप. घट प्रवासात सुकून गेले होते. लांबट हिरवी पानं तेवढी धड होती आणि प्रत्येक पानाची मधली शीर टोकातून पुढे निघून तंतू झालेली होती. चिठ्ठीवर 'पिचर प्लँट' याखेरीज काही नाही. पुढे एका जाणत्या बाईंनी पानं बघून फिलिपिन्सकडच्या जातींचा संकर असावा असं सांगितलं. घटपर्णीच्या नेपेंथिस या प्रजातीत दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यांचा मोठा गोतावळा बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स या भागात. मादागास्कर, सेशेल्स, श्रीलंका इकडे अगदी तुरळक. भारतात एकच, मेघालयातल्या गारो, खासी आणि जयंतिया टेकड्यांमधली नेपेंथिस खासियाना. ती आता इतकी थोडी उरली आहे की रानातून उपटून परदेशी विकायला आंतरराष्ट्रीय कराराने मनाई आहे, आणि दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाऱ्याजवळ तिच्यासाठी लहानसं अभयारण्य राखलेलं आहे. वाघा-हत्तींसाठी राखतात तसं एका वेलीसाठी. हे मला फार आवडलं.

सासूबाईंनी कुंडी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिला घालायचं काय?"

"काही नाही, आई."

"अगं, काही नाही म्हणजे?"

काही नाही म्हणजे खरोखरच काही नाही. खत नाही, शेण नाही, ताक नाही. साधी माती नाही. नळाचं पाणीसुद्धा जपून. कीटक खाणारी झाडं ज्या जमिनीवर वाढतात तिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच. कुठे पाऊस सगळं धुऊन नेतो, कुठे दलदलीच्या आंबट पाण्यात कुजण्याची क्रिया इतकी संथ चालते की मुळांच्या हाती काही लागत नाही. अशा जागी पिढ्यान्‌पिढ्या काढल्यावर त्यांची मुळं बेताची राहिली आणि क्षार सोसायची सवय त्यांना लागलीच नाही. मोगऱ्याला जे पाणी मानवतं त्यानं हिच्या मुळांना चटका बसतो. राहिला कीटकांचा प्रश्न. साखर ही झाडंही इतर झाडांसारखी पानांत, उन्हाच्या जोरावर करतात. मुंग्या-माश्यांमधून ती मुख्यतः घेतात ते नत्र आणि स्फुरद. म्हणजे कीटक हे त्यांचं जेवण नव्हे, खत आहे. आपण ज्याला शिकारी समजून दबकून असतो, ते झाड खरं तर आपलं शेणखत आपणच गोळा करत असतं.

हे ऐकल्यावर सासूबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. त्यांना अडचण हिंसेची होती आणि त्यांनी ती चटकन सोडवली. "तिचं ती पकडते ना? पकडू दे. आपण मारून घालायचं नाही." त्यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. मी पुष्कळ वाचलं, पण रोजच्या वागण्याला पुरेल असा याहून चांगला नियम मला सापडला नाही.

खरं कष्टाचं काम पाण्याचं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजायला पेनासारखं एक यंत्र मिळतं. आकडा पन्नासच्या आत असेल तर निर्धास्त घालावं, असं अनुभवी माणसं सांगतात. आमच्या नळाला कधी धरणाचं पाणी असतं, कधी सोसायटीत टँकर येतो, आणि टँकरच्या दिवशी पेनावरचा आकडा बघून हात मागे घ्यावा लागतो. मग पर्याय काय? आरओचं पाणी, पण तेही मोजूनच, कारण चवीसाठी क्षार परत मिसळणारी यंत्रं असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी काहीजण वापरतात. मला त्यातल्या धुळीचा आणि तांब्याच्या नळ्यांचा भरवसा वाटत नाही. सगळ्यात उत्तम ते पावसाचं. जूनमध्ये पहिल्या दोन-तीन सरींनी छपरावरची धूळ वाहून गेली की पागोळ्यांखाली बादल्या लावायच्या, गाळून कॅनमध्ये भरायच्या आणि झाकणं घट्ट लावून पलंगाखाली ढकलायच्या. उन्हाळ्यात पाहुणे आले की पलंगाखालचे कॅन बघून त्यांना वाटतं आमच्याकडे पाणीकपात आहे. आम्ही स्पष्टीकरण देत नाही. एका झाडासाठी पाऊस साठवून ठेवलाय हे सांगण्यापेक्षा पाणीकपात सोपी पडते.

कुंडीत भरायचं तेही बाजारात सहज मिळणारं नव्हे. कोकोपीट सगळीकडे मिळतं, पण नारळाच्या सोडणांमधून आलेलं मीठ त्यात असू शकतं. भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून ते काढावं लागतं. घटपर्णीला मोकळं, हवा खेळती राहील असं माध्यम लागतं. मी शेवाळ, पर्लाइट आणि धुतलेल्या नारळाच्या ढलप्या मिसळते. पान मिटून किडा पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपसारख्या दलदलीतल्या झाडांना मात्र पीट लागतं, आणि ते थंड प्रदेशातल्या दलदलींमधून खणून येतं. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे माझ्या ओंजळीत मावेल एवढं पीट जमायला कुठल्याशा दलदलीला माझ्या वयाहून जास्त वर्षं लागलेली असू शकतात. कीटकभक्षक झाडांच्या हौसेतली ही बाजू कुणी फारशी बोलत नाही. मी पीट कमीत कमी वापरते, जुनं चाळून पुन्हा वापरते, आणि तरीही पिशवी फोडताना थोडं अवघडल्यासारखं होतंच.

आता खरा मोह. रोप रुजलं, नवीन पान आलं, त्याच्या तंतूचं टोक फुगून वर वळलं आणि एक दिवस त्याचं झाकण उघडलं. आत बोटभर पाणी. हे पाणी पावसाचं नसतं, झाकण बंद असतानाच घट ते स्वतः तयार करतो. झाकण उघडल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट करायची असते: आत काहीतरी टाकायचं. मुलं मुंगी चिमटीत धरून उभी राहतात. मोठी माणसं जास्त कल्पक. चिकनचा तुकडा चालेल का? मासा? आमच्याकडे शाकाहारी पाहुणे जास्त, त्यामुळे सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न आहे, "पनीर खाईल का हो?"

या प्रश्नाला शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं उत्तर आहे, कारण विद्वानांनीही पहिल्यांदा हेच केलं होतं. जोसेफ हूकर १८५० साली खासी टेकड्यांत वनस्पती गोळा करत फिरला होता. खासियाना हे नाव त्यानंच पुढे १८७३ साली दिलं. १८७४ साली बेलफास्टला ब्रिटिश असोसिएशनपुढे त्यानं कीटकभक्षक झाडांवर व्याख्यान दिलं, ते घटपर्णीच्या घटांत अंड्याचा पांढरा बलक, मांसाचे तुकडे आणि कूर्चा टाकून बघितल्यावर. त्याचा मित्र चार्ल्स डार्विन १८६० च्या उन्हाळ्यापासून दवबिंदूच्या नादी लागला होता. दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, हे चिकट केसांचं बुटकं झाड. प्रजातींच्या उगमावरचं पुस्तक आदल्याच वर्षी निघून सगळीकडे खळबळ चाललेली, आणि हा माणूस घरी बसून एका रोपट्याला भाजलेलं मांस, उकडलेलं अंडं, दूध, चीज, कोबीचा आणि वाटाण्याचा काढा असं सगळं भरवत होता. केसाचा एक तुकडा, वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पानावर ठेवला तरी त्याची स्पर्शिका वळते, पण पावसाचा थेंब आपटला तर ढिम्म हलत नाही, हे त्यानं नोंदवून ठेवलं. हे सगळं त्याच्या १८७५ सालच्या कीटकभक्षक वनस्पतींवरच्या पुस्तकात आहे. चीजबद्दलही आहे. अमेरिकेतल्या विल्यम कॅन्बी या वनस्पतिअभ्यासकानं त्याला कळवलं होतं की फ्लायट्रॅपला चीज मुळीच सोसत नाही, पान काळं पडून मरतं.

तर पनीर नको. कॅन्बीचं नाव सांगितलं की पाहुणे पनीरचा आग्रह सोडतात.

पण भरवण्याचा काही उपयोगच नाही असंही नाही. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं दवबिंदूची रोपं दोन गटांत वाढवली, एका गटाला भाजलेल्या मांसाचे कण दिले, दुसऱ्याला कीटक मिळू नयेत अशी तजवीज केली आणि १८७८ साली दाखवून दिलं की खाल्लेल्या रोपांना बी जास्त धरतं. तेव्हा झाडाला खरोखर हवं असतं. प्रश्न एवढाच की ते आपण द्यायचं का? ठाण्यातल्या गॅलरीत मुंग्यांचा तुटवडा नाही. बंद खोलीत, काचेच्या पेटीत झाड ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी. उघड्या गॅलरीतल्या घटपर्णीला माझ्या चिमटीची गरज नाही. घट ठासून भरला तर उलट तो आतल्या आत सडतो. म्हणजे माझ्या वाट्याचं काम उरतं ते हात मागे ठेवण्याचं. आयुष्यभर माया म्हणजे भरवणं असं शिकलेल्या बाईला हे काम पाणी गाळण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

ही घटपर्णी स्वतः मात्र धीराची आहे. घटाच्या तोंडाशी जी रेघारेघांची चकचकीत कड असते, तिच्यावर मध पाझरतो. कड कोरडी असताना मुंगी तिच्यावरून खुशाल चालते, मध चाटते आणि परत जाते. हवेत दमटपणा वाढला किंवा पाऊस पडला की त्या कडेवर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि पाय ठरत नाही. खाली भिंतीवर मेणाची भुकटी, त्याखाली चिकटसर द्रव. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हे पाण्यावरून घसरणं नीट दाखवून दिलं. पण मला त्याहून नवल वाटलं ते २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्निओतल्या एका कामाचं. त्यात काही घटांची कड सतत ओली ठेवली, म्हणजे सापळा चोवीस तास चालू. काही घट जसे होते तसे. हिशेब लावल्यावर जसे होते तसेच जास्त मुंग्या पकडणारे निघाले. कारण वाट शोधायला आलेली पहिली मुंगी सुटून वारुळात जाते, इथे गोड आहे म्हणून सांगते, आणि मग कड ओली होते तेव्हा रांगच्या रांग येते. सतत तयारीत असलेला सापळा फक्त पहिल्या मुंगीवर समाधान मानतो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हीसुद्धा आधी वाढते." मी निरुत्तर झाले.

वाळलेला घट कापून बघणं हा आमच्याकडचा सोहळा असतो. प्रत्येक घट काही महिने टिकतो, मग झाकणाकडून तपकिरी पडत खाली येतो. पूर्ण वाळला की मी तो कात्रीने कापते, वर्तमानपत्रावर उभा चिरते आणि भाचा भिंग घेऊन बसतो. पहिल्यांदा येतो तो वास, ओल्या फडताळासारखा. मग चिखलासारखा काळसर थर. तो काडीनं पसरला की वस्तू ओळखू यायला लागतात: मुंग्यांची डोकी, ढिगानं. डोकी तशीच्या तशी राहतात, जबडे मिटलेले. माश्यांचे पंख, अजूनही आरपार दिसणारे. झुरळाच्या पिल्लाची पाठ. एखाद्या लहान भुंगेऱ्याचं निळं कवच. मऊ ते सगळं झाडानं घेतलेलं असतं, कठीण ते मागे ठेवलेलं. डास? आम्ही अनेकदा शोधले. क्वचित एखादा. बाजारात 'डास खाणारं झाड' म्हणून जे खपवतात ते झाडावर अन्याय करणारं आहे. ही मुंग्यांची गिऱ्हाईक. उलट काही देशांत डासांच्याच काही जातींच्या अळ्या घटातल्या पाण्यात सुखानं वाढतात, झाडाला न जुमानता. बोर्निओत तर घटपर्णीच्या एका जातीच्या घटांत दिवसा वटवाघूळ झोपतं आणि दुसऱ्या एका जातीच्या झाकणावरचा गोडवा चाटता चाटता चिचुंदरीसारखा एक प्राणी घटात शी करून जातो. नत्राचा प्रश्न सुटल्याशी कारण! तिथे झाडानं शिकारच सोडून दिल्यासारखी आहे. हे मात्र मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. शौचालय म्हणून वापरली जाणारी वेल तुळशीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नकोच, असा निर्णय व्हायचा.

घटपर्णी तमाशा करत नाही, म्हणून भाच्याचं तिच्यावर पूर्ण समाधान नव्हतं. त्याला पकडताना बघायचं होतं. त्यानं व्हीनस फ्लायट्रॅप घेतला, पण त्यांच्या घराला ऊन नाही म्हणून तोही आमच्याकडेच आला. हे झाड जगात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनातल्या किनारपट्टीच्या एका पट्ट्यात आपसूक उगवतं, आणि तिथल्या रानातून ते चोरणं नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे. त्याच्या पानाच्या दोन पाकळ्या मिटायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. आतल्या केसाला एकदा धक्का लागला तर काही होत नाही. वीसेक सेकंदांच्या आत दुसरा लागला तरच मिटतो. आत अडकलेला जीव धडपडत राहिला, धक्के वाढत गेले, तरच पाचक रस सोडायचा. जर्मनीत वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेनं २०१६ साली ही मोजणी तपशिलात मांडली. या झाडात विजेचे संदेश धावतात हे मात्र बर्डन सँडरसन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८७३ मध्येच टिपलं होतं. लिनियसला फ्लायट्रॅपचं वर्णन आणि नमुने पोहोचले होते, पण झाड प्राणी खातं हे त्याला पटलं नाही. किड्याची धडपड थांबली की पान त्याला सोडून देत असेल, असं त्यानं मानलं. मला त्याचं हसू येत नाही. आमच्याकडे येणारी निम्मी माणसंही एवढंच मानायला तयार असतात.

मिटण्याची गंमत अशी की ती फुकट नाही. एकेक पान मोजक्याच वेळा मिटतं आणि उघडतं, मग ते काळं पडतं. टाचणीनं चिडवून मिटवलेला सापळा म्हणजे काही न मिळता खर्च झालेली ताकद. त्यामुळे फ्लायट्रॅपच्या कुंडीपाशी मी पाटी लावली आहे: बोट लावू नये. देवळात असते तशी. मुलं वाचतात आणि बोट लावतात.

थंडीत या महाशयांना झोप लागते. त्यांच्या गावी तीन-चार महिने कडक गारठा असतो. तो मिळाला नाही तर झाड हळूहळू थकत जातं. ठाण्यात गारठा कुठून आणायचा? फ्रिजमधून. पानं छाटून, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून, पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या काही क्षण थांबल्या. "कार्तिकी एकादशी होऊ दे," म्हणाल्या, "चातुर्मास संपल्यावर ठेव." कॅरोलायनाचा हिवाळा आणि आमचा चातुर्मास एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, ही मोठीच सोय. फ्लायट्रॅप डिसेंबरात कोथिंबिरीशेजारी झोपतो आणि फेब्रुवारीअखेर बाहेर येतो.

त्याच्या कुंडीखाली पाण्याची थाळी लागते, आणि पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या थाळ्या बघतात. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कीटक खाणाऱ्या झाडाच्या पायथ्याशी डासांची पैदास सापडणं हे फारच झालं असतं. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा हा आरोग्य खात्याचा सल्ला आम्ही काटेकोर पाळतो: थाळी रिकामी, घासून पुसून, उन्हात. तपासणीला आलेल्या बाईंनी एकदा फ्लायट्रॅप बराच वेळ निरखून बघितला आणि विचारलं, "हा काम करत असेल तर आम्ही कशाला येतोय?" तो काम करत नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. वहीत काहीतरी लिहून त्या गेल्या.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर सप्टेंबरात गेलं की हे सगळे प्रयास थोडे हास्यास्पद वाटायला लागतात. जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती, कुठे तेवढीही नाही. चार महिने पाऊस तिला धुतो, उरलेलं वर्ष ऊन भाजतं. लोक तेरड्याचे आणि सोनकीचे गालिचे बघायला येतात, आणि ते खरोखर बघण्यासारखे असतात. पण वाकून बघितलं तर कातळाच्या ओल्या खोलगट भागात दवबिंदूची लालसर चक्रं दिसतात, रुपयाएवढी, चिकट थेंबांनी भरलेली. सीतेची आसवं नावाचं जे इवलं जांभळं फूल तिथं पसरलेलं असतं, तेही याच कुळातलं नसलं तरी याच वृत्तीचं: त्याचे सापळे ओल्या मातीत दडलेले, डोळ्यांना न दिसणारे फुगे, सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्यासकट भक्ष्य आत ओढणारे. पश्चिम घाटातला हा भाग २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथून रोप उपटून आणायचा विचार कुणाच्या मनात आला तर एवढंच सांगावं की पठारावरचा दवबिंदू पावसाळ्याबरोबर उगवतो आणि थंडी सरता सरता बी टाकून मरतो. घरी आणून त्याला वाचवण्यासारखं काही नसतंच.

तिथं गरिबी आहे म्हणून ही झाडं आहेत. माती सुधारली असती तर गवतानं त्यांना केव्हाच झाकून टाकलं असतं. अमेरिकेत एरन एलिसन आणि निकोलस गोटेली यांनी तिथल्या जांभळ्या घटपर्णीला, म्हणजे सारासेनियाला, कमीजास्त नत्र घालून बघितलं. २००२ साली आलेल्या त्या निबंधात दिसतं की नत्र वाढलं तसे तिचे घट अरुंद होत गेले आणि त्यांच्या जागी सपाट पानं आली. सापळा करणं महाग असतं. फुकट मिळायला लागल्यावर झाड तो खर्च करत नाही. आता पावसातून नत्र येतं ते गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून, शेतात टाकलेल्या खतांतून. कुणी न विचारता आभाळच त्या दलदलींना वाढत सुटलं आहे, आणि तिथं 'पुरे' म्हणायला कुणी नाही. गॅलरीतही हाच प्रकार घडतो. घटपर्णीच्या मुळाशी खत पडलं तर एक तर मुळं जळतात, नाहीतर पानं तरारतात, हिरवीगार होतात, बघणाऱ्याला वाटतं झाड खूश आहे, आणि घट धरत नाहीत.

संकटं येतात ती वेगळ्याच दिशेनं. मार्च-एप्रिलात कोरडा वारा सुटला की नवे घट टोकाशीच सुकतात. त्यावर फवारणी आणि हिरव्या जाळीची सावली याखेरीज इलाज नाही, जूनची वाट बघायची. आणि पिठ्या ढेकूण. कीटक खाणाऱ्या झाडाच्या पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसायला लागतो आणि ते निवांत रस शोषत बसतात, घटापासून दोन इंचांवर. घट त्यांचं काही करू शकत नाही, कारण ते मधाच्या मागे जात नाहीत, चालतही फारसे नाहीत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक पुसून काढावे लागतात. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. मारून घालायचं नाही हा नियम इथे लागू होत नाही का, असं मी एकदा विचारलं. "घालतेय कुठे?" त्या म्हणाल्या. "पुसतेय."

या पावसाळ्यात वेलीला तुरा आला. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात आणि फुलल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. आमची नर निघाली. घरात सगळे तिला 'ती' म्हणतात, ते तसंच चालू आहे. फुलं बारीक, तपकिरी, पिवळ्या परागांच्या गोळ्या धरलेली. वास गोडसर आणि बुरसट, गॅलरीचं दार लोटून घ्यावं असा. भाच्याला बी हवं होतं. त्यानं त्याच विक्रेत्याकडून आणखी एक रोप मागवायची तयारी केली, तेव्हा त्याला थांबवलं. बाजारातली ही रोपं बहुधा एका झाडाच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली असतात, म्हणजे ती सगळी एकाच लिंगाची. आमच्या नराला आणखी एक नर मिळाला असता, एवढंच. डोंबिवलीत एका ओळखीच्यांकडे वेगळ्याच जातीची घटपर्णी आहे, बियांपासून वाढवलेली, आणि तिला आता तुऱ्याचा कोंभ दिसतोय म्हणतात. तोवर आमचे पराग कागदाच्या पुडीत, पुडी डबीत, डबी फ्रीजरमध्ये. वर भाच्यानं तारीख घालून चिकटवलंय, 'खाऊ नये'. डोंबिवलीची मादी निघाली, तर रविवारी लोकलनं जायचं.